मेसेज खोटा, चलान खरं: नो-पार्किंगचं ई-चलान कसं बघायचं आणि कसं भरायचं

हे या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बसमध्ये, लायब्ररीत, नाहीतर बॉस समोर बसलेला असताना ज्यांना कानात इयरफोन घालता येत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना झालेले "अं", "म्हणजे" काढून टाकलेत, बाकी गोष्ट तीच.

आजचा विषय आहे नो-पार्किंगचं चलान. वाटतो किरकोळ. मलाही वाटायचा. मग एका रविवारी सकाळी अकोल्याहून बाबांचा फोन आला.

"बाई, मले मेसेज आला. म्हणते तुमच्या गाडीचं चलान झालं. आज पैसे नाही भरले तं लायसन जप्त. खाली एक फाइल देल्ली हाये. दाबू काय?"

मी अमरावतीत, चहाचा कप हातात. म्हटलं, "बाबा, काहीच दाबू नका. फोन बाजूला ठेवा. मी बघते."

"अवं पण गाडीचा नंबर तं आपलाच हाये. अन् मी तं जठारपेठ सोडून कोठी गेलोच नाही. काहून वं, तू गाडी कोठी लावली होती?"

तर गोष्ट अशी की स्कूटी बाबांच्या नावावर आहे. एमएच ३०, म्हणजे अकोला पासिंग. पण नोकरी लागल्यापासून ती माझ्याकडे, अमरावतीत, एमएच २७ च्या गर्दीत फिरते. बाबांकडे ती फक्त कागदावर आहे. त्यांचं निवृत्तिवेतन ज्या खात्यात येतं, त्या खात्याचं अॅप त्याच फोनमध्ये. ती फाइल त्यांनी दाबली असती तर काय झालं असतं, ते पुढे सांगते. आधी हे ऐका: तो मेसेज खोटा होता. पण मी सरकारी साइटवर जाऊन बघितलं, तर गाडीवर खरोखरची चलानं होती. एक नाही, तीन!

मेसेज खोटा आहे हे कसं ओळखलं

तीन गोष्टींवरून. पहिली, मेसेज व्हॉट्सअॅपवर आला होता, साध्या दहा अंकी मोबाइल नंबरवरून. फोटोच्या जागी पोलिसांचं बोधचिन्ह लावलं होतं, पण फोटो काय, कोणीही लावू शकतो.

दुसरी, खाली फाइल होती आणि तिच्या नावाच्या शेवटी "एपीके" लिहिलं होतं. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अॅप टाकायची फाइल. चलान हा कागद आहे, फार तर फोटो. त्याच्यासाठी अॅपची फाइल पाठवायचं कारणच नाही. असं अॅप एकदा फोनमध्ये गेलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. आपण घाईत "अलाऊ" करतो. मग बँकेचा ओटीपी आपल्याला आला की तोच ओटीपी त्या माणसालाही दिसतो. पुढचं सांगायला नको.

तिसरी, घाई. "आजच भरा, नाहीतर लायसन्स जप्त." खरं चलान अशी दोन तासांची धमकी देत नाही.

आणि गाडीचा नंबर बरोबर होता म्हणून तो मेसेज खरा ठरत नाही. तुमच्या गाडीचा नंबर गाडीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलेलाच आहे की! नंबर माहीत असणं हा पुरावा नाही.

मग खरं चलान कुठे दिसतं

महाराष्ट्रात ई-चलानाची साइट आहे महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन. स्पेलिंग सांगते: एम-ए-एच-ए, मग ट्रॅफिक, मग एक "ई", मग चलान, त्यात "एल" दोनदा. शेवट "गव्ह डॉट इन" असायलाच हवा. सरकारी संस्थेशिवाय हा शेवट कोणाला मिळत नाही. म्हणून चोर काय करतात, मधे कुठेतरी "गव्ह" टाकतात आणि शेवट "डॉट कॉम" किंवा "डॉट ऑनलाइन" ठेवतात. पत्ता वाचताना पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे, ते बघा. तिथे "गव्ह डॉट इन" नसेल तर बाहेर पडा.

फोनवर अॅप हवं असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिकअॅप आहे. ते प्ले स्टोअरमधूनच घ्या, मेसेजमधून आलेलं नको.

माझा नियम आता एकच: मेसेज खरा असो की खोटा, त्यातली लिंक दाबायचीच नाही. साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि आत जाऊन बघायचं. चलान खरं असेल तर तिथे दिसेलच. नसेल तर मेसेज डिलीट. या एका सवयीमुळे खरं-खोटं ओळखायची परीक्षाच द्यावी लागत नाही.

साइटवर काय काय करायचं

आरसी कार्ड हातात घ्या. साइटवर गाडीचा नंबर टाका, मधे जागा न सोडता. खाली चासी नंबर किंवा इंजिन नंबर यांचे शेवटचे चार अंक मागतात. दोन्ही नंबर आरसीवर छापलेले असतात. माझ्याकडे आरसी नव्हती, ती अकोल्याला कपाटात. बाबांनी चष्मा लावून एकेक अंक वाचून दाखवला.

मग यादी येते: तारीख, वेळ, ठिकाण, कोणता नियम मोडला, रक्कम किती, भरली की बाकी. आणि सोबत फोटो. फोटो बघायचा विसरू नका! बहुतेक जण रक्कम बघतात, कपाळावर हात मारतात आणि सरळ भरून टाकतात.

मी फोटो उघडले. पहिला राजकमल चौकाजवळचा, आमचीच गाडी, हँडलला माझी निळी ओढणी अडकवलेली. नाकारायला जागाच नाही. दुसरा जयस्तंभ चौकाकडचा, दिवाळीच्या खरेदीचा दिवस. "दोनच मिनिटं" म्हणून लावली होती, ते मला आठवलं सुद्धा. तिसरा मात्र भलत्याच शहरातला, जिथे ती गाडी कधी गेलीच नाही. फोटोत होती एक काळी मोटारसायकल. नंबर मोठा करून बघितला तर आमच्या नंबरात जिथे ३ आहे, तिथे तिच्या पाटीवर ८ होता. वाचताना चूक झाली असणार.

म्हणजे तीनपैकी दोन माझी आणि एक दुसऱ्या कोणाचं तरी. फोटो बघितला नसता तर तिन्ही भरली असती.

पैसे किती आणि का

नो-पार्किंगला मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १७७ लागतं. आधी या कलमाखाली पहिल्या वेळी १०० आणि नंतर ३०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो ५०० आणि १,५०० झाला. महाराष्ट्राने हे नवे दर लगेच लागू केले नव्हते, ते डिसेंबर २०२१ पासून सुरू झाले.

आता गणित बघा. पहिल्यांदा ५००. पुढच्या वेळी १,५००. पुढच्या पुढच्या वेळीही १,५००. माझी तीन चलानं मिळून ३,५०० रुपये झाले होते. पहिलं चलान झालं तेव्हाच मला कळलं असतं, तर दुसऱ्या वेळी मी गाडी शंभर पावलं लांब लावली असती. चलान न कळण्याची किंमत हीच, पुढचं चलान तिप्पट होतं.

गाडी उचलून नेली तर हिशोब वेगळा. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागेवरची गाडी पोलीस हलवू शकतात आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून घेतात. तो दंडाच्या वर.

आणि एक गोंधळ नेहमीचा. महापालिकेच्या पे-अँड-पार्कवर पाच-दहा रुपये घेऊन देतात ती पावती आणि पोलिसांचं चलान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जागेचं भाडं आहे, दुसरा दंड. त्या पावतीवर महापालिकेचं नाव, दर आणि तारीख छापलेली आहे का, तेवढं बघून घ्या. आणि चौकात कोणी "साइडला घे, शंभर दे, जा" म्हणालं, तर ते चलान नव्हे. चलान भरलं की पावती मिळते आणि साइटवर ते भरलेलं दिसतं.

मला का कळलं नाही

कारण कॅमेऱ्यात चालवणारा कोण ते दिसत नाही, दिसते नंबरप्लेट. नंबरवरून नाव निघतं मालकाचं. मेसेज जातो मालकाने नोंदवलेल्या मोबाइलवर. बाबांनी गाडी घेताना जो नंबर दिला होता, ते सिमकार्ड बंद होऊन चार वर्षं झाली. खरे मेसेज त्या बंद नंबरवर जात राहिले असतील. आणि खोटा मेसेज मात्र चालू नंबरवर बरोबर पोचला!

अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज विक्रम झाला. त्याच रस्त्याने मी दर महिन्याला घरी जाते. पण माझं पहिलं चलान अमरावतीहून अकोल्याच्या घरी कळायला दहा महिने लागले.

तुमच्यापैकी किती जणांची गाडी स्वतःच्या नावावर आहे? कॉलेजातल्या, नवीन नोकरीतल्या बहुतेकांची गाडी बाबांच्या, काकांच्या, नाहीतर मोठ्या भावाच्या नावावर असते. चलान तुमच्यामुळे, नाव त्यांचं. म्हणून मोबाइल नंबर बदलला असेल तर परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर तो बदलून घ्या. गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख जवळ ठेवा.

जुनी गाडी विकली असेल तर जास्तच सांभाळा. "घेणारा ओळखीचा आहे, नावावर करून घेईल" म्हणून सोडून देऊ नका. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तोपर्यंत कागदावर मालक तुम्हीच. नवीन माणूस मूर्तिजापुरात गाडी कुठेही लावेल आणि चलान तुमच्या नावावर येईल. उलट बाजूने, तुम्ही जुनी गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी तिच्या नंबरवर काय थकलंय ते याच साइटवर बघा.

भरायचं कसं

भरायची चलानं निवडायची आणि कार्ड, नेट बँकिंग किंवा यूपीआयने पैसे भरायचे. पावती डाउनलोड करून ठेवायची. पैसे कटले आणि यादीत अजून "बाकी" दिसतंय, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा.

ऑनलाइनची भीती वाटत असेल तर वाहतूक शाखेत जाऊन किंवा हातात ई-चलानाचं मशीन असलेल्या वाहतूक पोलिसाकडेही भरता येतं. घरातल्या मोठ्यांना मी हेच सांगते. भरोसा नसेल तर सरळ तिथे जा, त्यात कमीपणा नाही.

चलान चुकीचं असेल तर

त्याच साइटवर आणि अॅपमध्ये तक्रार करायची सोय आहे. त्या तिसऱ्या चलानासाठी मी चलान क्रमांक टाकला, आमच्या स्कूटीचा मागून काढलेला फोटो जोडला आणि तीन ओळी लिहिल्या: फोटोत मोटारसायकल आहे, आमची गाडी स्कूटी आहे, पाटीवरचा एक अंक वेगळा आहे. राग, उपदेश काही नाही. तक्रार वाचणाऱ्याला चूक पाच सेकंदात दिसली पाहिजे, एवढंच बघायचं. तीन आठवड्यांनी ते चलान यादीतून गेलं.

एक काळजी घ्या: ज्या चलानावर आक्षेप आहे ते आधी भरू नका. भरलं म्हणजे मान्य केलं. बाकीची दोन मी त्याच दिवशी भरली. २,००० रुपये, माझ्या पगारातून. बाबांनी विचारलं तेव्हा खरी रक्कम सांगितली. ओरडा खाल्ला.

न भरता तसंच ठेवलं तर

रक्कम विसरली जाते, चलान विसरलं जात नाही. थकलेलं प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. आपल्या विदर्भातच, काटोलला, २०२० मध्ये वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झालं. म्हणजे अशा छोट्या प्रकरणांसाठी वेगळी व्यवस्था उभी करावी लागली, इतकी ती साचतात.

दुसरा रस्ता लोकअदालतीचा. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते, जिल्हा न्यायालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत. थकलेली ई-चलानंही तिथे दाखलपूर्व प्रकरणं म्हणून ठेवतात. न्यायालयाची फी नाही, वकील लावायलाच हवा असं नाही. तडजोडीत रक्कम कमी होऊ शकते, पण तो आपला हक्क नाही. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून "मुद्दाम थकवतो, मग लोकअदालतीत अर्धं भरतो" हा हिशोब मला पटत नाही. पहिलं चलान थकवून बसलात आणि तेवढ्यात दुसरं झालं, तर वाचवलेल्या २५० च्या बदल्यात १,५०० गेले.

आणि लोकअदालत जवळ आली की "अर्धी सूट, ही लिंक" असे मेसेजही फिरतात. नियम तोच. लिंक नाही, साइट.

लिंक दाबली गेलीच असेल तर

लाजू नका, वेळ घालवू नका. फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही तक्रार होते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फार पटकन फिरतात. जितक्या लवकर कळवाल तितकी ते मधेच अडवले जायची शक्यता जास्त. मग ती फाइल टाकलेला फोन जाणकाराकडून साफ करून घ्या आणि सगळे पासवर्ड बदला.

घरच्यांनी दाबलं असेल तर त्यांच्यावर ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीनेच माणूस दोन दिवस गप्प बसतो, आणि ते दोन दिवस महागात पडतात. बाबांनी दाबायच्या आधी मला फोन केला, म्हणून आमचं निभावलं.

"पण तिथे पाटीच नव्हती!"

हे वाक्य मीही म्हटलंय. पण काही जागा पाटी नसतानाही मना आहेत. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बस थांबा, शाळा-दवाखान्याचं दार, कोणाच्या घराचं किंवा दुकानाचं फाटक, आधीच लावलेल्या गाडीच्या बाजूची दुसरी रांग. चौकाला लागून तर नाहीच. सम-विषम तारखांची पाटी असेल तर आधी तारीख बघा, मग बाजू निवडा.

इर्विन चौकात किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयाच्या रस्त्यावर उभं राहून एकदा बघा. तुमची एक स्कूटी काही मोठी जागा घेत नाही. पण तिच्या मागे दुसरा लावतो, त्याच्या मागे तिसरा. मग मागून सायरन वाजतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. चौकात मला दंडाचा राग येतो तेव्हा मी ते आठवते. तरी राग येतोच, पण गाडी लांब लावते.

आजचा गृहपाठ

हा भाग संपला की पाच मिनिटं द्या. घरातल्या सगळ्या गाड्यांचे नंबर साइटवर टाकून बघा. आरसीचा फोटो फोनमध्ये ठेवा. नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे का, विचारा. आणि आई-बाबांना एवढंच सांगा: चलानाचा मेसेज आला तर काही दाबायच्या आधी मला फोन करायचा.

परवा बाबांचा पुन्हा फोन आला. "बाई, आणखी एक मेसेज आला. या वेळी म्हणते गॅसची सबसिडी आली."

"मग?"

"मग काय! दाबलं नाही, पुसून टाकलं. तू सांग, गाडी कोठी लावली?"

गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होती. खरंच!

पुढच्या भागात भेटू. तोवर गाडी जपून लावा, अन् लिंक तं बिलकुलच दाबू नका.